गाण्याचा तास: पहिली ते चौथीच्या वर्गासाठी

परिपाठाला मुलं प्रार्थना म्हणत नाहीत, ओरडतात, ही तक्रार बऱ्याच शाळांत ऐकू येते. मग कोणीतरी "हळू म्हणा" असं दटावतं, की आवाज बसतो आणि सूरही बसतो. यात मुलांचा दोष फार थोडा असतो. प्रार्थना त्यांच्या गळ्याला न पेलणाऱ्या पट्टीत, म्हणजे सा फार वर किंवा फार खाली धरून, सुरू झालेली असते. जिथे गाताच येत नाही तिथे मूल ओरडतं, नाहीतर गप्प बसतं. गप्प बसणाऱ्याला पुढे "तुला गाणं येत नाही" असं सांगितलं जातं आणि ते तो जन्मभर खरं मानतो.

म्हणून मुलांच्या भावनिक वाढीसाठी संगीत वापरायचं असेल तर सुरुवात गाण्याच्या शब्दांपासून करू नका. 'भांडू नये' असं सांगणारं गाणं तोंडपाठ असलेली मुलं मधल्या सुट्टीत भांडतातच. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, शेजारच्याचं ऐकून आपला आवाज कमी-जास्त करणं, चुकलं तरी न रडता पुढच्या ओळीला परत गाण्यात शिरणं, या गोष्टी मात्र गाताना प्रत्यक्ष कराव्याच लागतात, आणि त्यांचा सराव होतो. लाइपझिगमध्ये सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांवर केलेला एक प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. एकत्र गात-वाजवत खेळलेली मुलं त्यानंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. तोच खेळ गाण्याशिवाय खेळलेली मुलं तितकी धावली नाहीत. हा परिणाम खेळ संपल्यावर लगेच पाहिलेला होता, त्यामुळे एका तासात स्वभाव पालटेल अशी आशा धरू नये. गाण्याचा तास आठवड्यातून दोनदा, वर्षभर, चुकवल्याशिवाय व्हायला हवा.

पुढची सगळी मांडणी 30 मुलांचा वर्ग, 35 मिनिटांचा तास, आणि संगीत न शिकलेले वर्गशिक्षक धरून केली आहे. पेटी असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

आधी पट्टी

पुरुष साधारण काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ही नावं, गाण्याचा सा त्या पट्टीवर धरायचा). तो आवाज मुलांच्या आवाजाच्या एक सप्तक (सा ते वरचा सा एवढं अंतर) खाली असतो. काही मुलं आपोआप वरच्या सप्तकात जातात. काही मात्र सरांचा आवाज जसाच्या तसा पकडायला बघतात आणि घशातून घोगरं काहीतरी काढतात. बाईंची अडचण वेगळी. बायकांना सोयीची पट्टी काळी चार किंवा काळी पाच, म्हणजे सा सुमारे 208 ते 233 हर्ट्झवर (सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा मोठा तेवढा सूर उंच). सहा वर्षांच्या मुलाला एवढ्या खाली बोलता येतं, गाता येत नाही. बाई सुरेल गातात आणि वर्ग पाढे म्हटल्यासारखा म्हणतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

पहिली-दुसरीच्या मुलांचा गळा पांढरी दोन (294 हर्ट्झ) ते पांढरी सहा (440 हर्ट्झ) एवढ्या टप्प्यात मोकळा चालतो. सा पासून प पर्यंतच फिरणारं गाणं असेल तर पांढरी दोनला सा धरा, प बरोबर पांढरी सहावर येतो. तिसरी-चौथीत आवाज वर वाढतो. तार सा (वरचा सा) पर्यंत जाणारं गाणं त्यांच्यासाठी पांढरी एक किंवा काळी एकमध्ये बसतं. गाणं मंद्र प (सा च्या खालचा प) पर्यंत खाली उतरत असेल तर सा पांढरी चारला न्यावा लागतो.

इथे एक चूक हमखास होते. पहिली ओळ सोयीची वाटली म्हणून तीच पट्टी धरली जाते, आणि अंतऱ्याला सगळ्यांचा श्वास कोंडतो. पट्टी ठरवताना गाण्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर शोधा, पहिला स्वर नव्हे. मुलांच्या हनुवटीकडे बघत राहा. वरच्या स्वराला हनुवट्या वर जाऊ लागल्या आणि मानेच्या शिरा दिसू लागल्या की पट्टी एक-दोन स्वर खाली आणा.

पेटी नसेल तर मोबाईलवर तानपुऱ्याचं किंवा ट्यूनरचं मोफत ॲप घ्या. त्यात 294 हर्ट्झचा सूर धरून ठेवा आणि "या आवाजात मिसळा" असं सांगा. सर गात असतील तर त्यांनी स्पष्ट सांगावं, "माझा आवाज खाली आहे, तुम्ही तानपुऱ्याचा धरा." याहून चांगली युक्ती म्हणजे ज्या मुलाचा सूर बरोबर लागतो त्याला किंवा तिला सुरुवात करून द्यायला सांगणं. मूल मुलाचा आवाज फार लवकर पकडतं. ही पाळी मात्र फिरती ठेवा.

परिपाठासाठीही हेच करा. जाता जाता एक पडताळा: राष्ट्रगीताला 52 सेकंद लागायला हवेत. तुमच्या शाळेत 70 लागत असतील तर लय रेंगाळते आहे, आणि रेंगाळलेल्या लयीत लहान मुलांचा श्वास पुरत नाही.

हाकेने सुरुवात

पहिली पाच मिनिटं नावांसाठी ठेवा. गॅलरीतून आई "राऽजू" अशी हाक मारते तेव्हा पहिलं अक्षर वर आणि दुसरं खाली येतं. ते बहुतेक वेळा प आणि ग याच स्वरांच्या आसपास असतं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय (1882–1967) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीतही सुरुवात याच उतरत्या दोन स्वरांनी करतात. तुम्ही प-ग मध्ये नाव घ्या, मुलाने त्याच दोन स्वरांत "आऽलो" किंवा "आऽले" म्हणावं. एका मुलाला सहा-सात सेकंद, म्हणजे 30 मुलं साडेतीन मिनिटांत होतात.

सगळ्या वर्गासमोर एकट्याचा आवाज काढायची ही बहुतेकांची पहिलीच वेळ असते. ज्याला गायचं नसेल त्याने दोन टाळ्या वाजवल्या तरी ती हजेरी धरा. एवढी वाट बघा: मनात चार मोजा, उत्तर आलं नाही तर हसून पुढच्या नावाकडे वळा. "लाजतोस कशाला, मोठ्याने म्हण" हे वाक्य या पाच मिनिटांत कोणीच उच्चारायचं नाही. वर्गातल्या दुसऱ्या मुलांनीही नाही. काही आठवड्यांनी टाळ्या वाजवणारं मूल ओठ हलवतं, मग पुटपुटतं. तेव्हा कौतुकाचा गजर करू नका, त्याने ते बिचकतं. पुढचं नाव घ्या.

ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं हंगाम संपल्यावर परत येतात, तेव्हा ही हाक फार उपयोगी पडते. पहिल्याच दिवशी त्यांचं नाव नेहमीच्या ओळीत, नेहमीच्या चालीत यावं. गैरहजर मुलांची नावंही अधूनमधून घ्या आणि वर्गाला मिळून "गावाऽला" असं उत्तर देऊ द्या, म्हणजे ती जागा मोकळी पडत नाही.

ठेका

लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. मिनिटाला 60 च्या संथ ठेक्यावर टाळ्या वाजवायला लावल्या तर ती हमखास पुढे पळतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना ताल नाही. मिनिटाला 110-120 पासून सुरू करा. घड्याळाच्या सेकंदकाट्यावर एका सेकंदाला दोन टाळ्या म्हणजे 120. ही लय घट्ट झाली की मगच संथ करा. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा एवढे दोन ताल चौथीपर्यंत पुरतात. केरव्याला चालणं जमतं, दादऱ्याला झुलणं. बोल पाठ करून घेण्याआधी अंगाने करून घ्या: केरव्याला वर्गात फेरी, दादऱ्याला बसल्या जागी डावीकडे-उजवीकडे डोलणं. ज्या मुलाची पावलं ठेक्यात पडतात त्याच्या टाळ्याही पडतात. उलट क्रमाने गेलात तर वेळ फार जातो.

वाद्यांसाठी खर्च लागत नाही. 30 मुलांना टिपऱ्यांच्या 10 जोड्या, 6 खुळखुळे, 2 खंजिऱ्या आणि 1 ढोलकी भरपूर झाली. बाकीची मुलं गातात, आणि दर दोन मिनिटांनी वाद्यं उजवीकडच्याला द्यायची. टिपरी 30 सेंटीमीटर लांब आणि बोटाएवढी जाड, सागाची किंवा बाभळीची, टोकं पॉलिश पेपरने घासलेली असावी. बांबूची उभी चिरते आणि सल बोटात जाते. खुळखुळ्याला 200 मिलिलिटरची बाटली घ्या, तांदूळ फक्त पाव भाग भरा. अर्ध्याच्या वर भरलं की दाणे हलत नाहीत आणि नुसतीच थाप ऐकू येते. झाकण बाहेरून चिकटपट्टीने दोन फेरे गुंडाळून बंद करा, नाहीतर महिन्याभरात दाणे जमिनीवर आणि तिथून लहानग्यांच्या नाकात. मणी किंवा गोट्या भरू नका.

हातात वाद्य आलं की मूल ते वाजवणारच. सूचना देऊन झाल्याशिवाय वाद्य वाटू नका. वाटलं असेल तर टिपऱ्या काखेत, खुळखुळा मांडीवर, अशी 'झोपेची जागा' पहिल्याच तासाला ठरवून टाका.

गाणं शिकवणं

सवय अशी असते की फळ्यावर गाणं लिहायचं, एकेक ओळ सांगायची, मुलांनी मागे म्हणायची. त्यामुळे गाण्याचे तुकडे पाठ होतात, गाणं होत नाही. आधी पूर्ण गाणं तीनदा ऐकवा आणि दर वेळी ऐकायला एक कारण द्या. पहिल्यांदा, "यात कोण कोण येतं?" दुसऱ्यांदा, "कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो?" तिसऱ्यांदा डोळे मिटून, "आवाज कुठे वर चढला ते हाताने दाखवा." चौथ्या वेळी बरीच मुलं न सांगता ध्रुवपद म्हणू लागलेली असतात. ओळीओळीचं काम त्यानंतर, आणि फक्त अडलेल्या ओळीचं. एका तासाला 12 मिनिटांपेक्षा जास्त वेळ यात घालवू नका. एक गाणं तीन-चार तास चाललं तरी चालेल.

गाणी कोणती? घरातली आधी. अंगाई, जात्यावरची ओवी, भोंडल्याची गाणी, फुगडी-झिम्म्याची गाणी. यांचा टप्पा लहान असतो, ओळी परत परत येतात, आणि बऱ्याच मुलांच्या आज्ज्यांना ती येतात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी बोलणाऱ्या घरातलं गाणं आलं तर ते त्याच बोलीत शिका. ज्या मुलाची बोली वर्गात चूक ठरत आलेली असते, तेच त्या दिवशी सगळ्या वर्गाला उच्चार शिकवतं. सूर पक्के करायला भूप रागासारखी पाच स्वरांची चाल बरी, कारण म आणि नी नसल्याने अर्ध्या स्वराच्या अवघड उड्या त्यात येत नाहीत.

मुठीचा खेळ

एकच खेळ निवडायचा असेल तर हा निवडा. वर्गाला चांगलं येणारं गाणं घ्या. हात उघडा असेल तेव्हा मोठ्याने गायचं, मूठ मिटली की मनातल्या मनात. ओठही हलवायचे नाहीत. मूठ उघडली की गाणं जिथे पोचलं असेल तिथून पुन्हा मोठ्याने.

पहिल्या खेपेला मूठ दोनच शब्दांपुरती मिटा. काही मुलं थांबत नाहीत, आवाजाची शेपटी मागे लोंबते, बाकीची हसतात. होऊ द्या, रागावू नका, पुन्हा करा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पूर्ण ओळ मिटा. वर्गात पाच-सहा सेकंदांची शांतता पसरते. ही शांतता दटावून आणलेल्या शांततेसारखी नसते. कोणी पायाच्या अंगठ्याने ताल धरतं, कोणी डोळे घट्ट मिटतं, कोणी शेजाऱ्याच्या छातीकडे बघत असतं, की हा श्वास कधी घेतोय. मूठ उघडते आणि तीस गळ्यांतून एकच शब्द एकदम येतो. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघा. तोंडाशी आलेलं थोपवून धरणं आणि योग्य वेळी सोडणं हे त्यांनी स्वतः केलेलं असतं, आणि जमलं हे त्यांना कळलेलं असतं. रागात उचललेला हात थांबवायला हीच ताकद लागते. पण ते इथे बोलून दाखवू नका. खेळाचं बोधकथेत रूपांतर केलं की मुलं खेळातून निघून जातात.

लय पळाली तर सगळे वेगवेगळ्या शब्दांवर उतरतात. तेव्हा मुठीच्या वेळी ढोलकीवर हलका ठेका चालू ठेवा, आणि जमू लागलं की ठेकाही बंद करा. नंतर मूठ मुलांच्या हाती द्या. वर्गातला सर्वांत दांडगट मुलगा इथे बऱ्याचदा फार जपून मूठ मिटतो. बाकी सगळे आपल्यावर अवलंबून आहेत हे त्याला समोर दिसत असतं.

भावनांचे शब्द

"गाणं ऐकून कसं वाटलं?" असं विचारलं की उत्तर येतं "छान". कारण शब्दच तेवढा आहे. प्रश्न अंगाकडे वळवा: "ऐकताना छातीत काय झालं? खांदे वर होते की खाली? पळावंसं वाटलं की बसावंसं?" त्यातून शब्द निघतात. रुसवा, चिडचिड, धास्ती, हुरहुर, हिरमुसणं, कंटाळा, लाज, मोकळं वाटणं. आठवड्याला एक शब्द पुरे. तो ज्या बोलीत येईल त्या बोलीत फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. 'राग' हा शब्द आला की चौथीच्या मुलांना सांगा, आपल्या भाषेत राग येतोही आणि राग गातातही. त्यांना याचं नवल वाटतं आणि राग ही लपवायची गोष्ट नाही हे न सांगता कळतं.

मग एकच साधी ओळ घ्या, अगदी "आई, मी शाळेत चाललो" एवढी, आणि ती रुसून, घाबरून, आनंदाने, कंटाळून गा. बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखण्यात बरोबर-चूक नाही. मुलीने रुसून म्हटलेलं वर्गाला उदास वाटलं तर तिलाच विचारा, "आवाजात काय बदललं असतं तर रुसवा कळला असता?" लय, जोर, वरचा-खालचा सूर, यावर मुलं स्वतः बोलू लागतात. हे सूर उदास आणि ते आनंदी, असा तक्ता मात्र पढवू नका. अंगाई ऐकून एकाला झोप येते, दुसऱ्याला गावी असलेली आई आठवते.

आणि म्हणूनच कधीतरी कोणीतरी रडतं. गाणं तोडू नका, नाहीतर 29 डोकी तिकडे वळतात. गात गात जवळ जाऊन बसा. सगळ्यांसमोर "काय झालं?" विचारू नका. तास संपल्यावर दोन मिनिटं बोला, आणि सांगायचं नसेल तर तेही चालेल. तेच मूल वारंवार रडत असेल, अंगावर वळ असतील, घरी जायला भीत असेल, तर ते गाण्याच्या तासाचं काम राहत नाही. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी कोणालाही लावता येते.

न जमणारी मुलं

'बेसूर' म्हटलं जाणारं मूल बहुतेक वेळा बोलण्याच्या आवाजात गात असतं. त्याला गाण्याचा आवाज सापडलेला नसतो. कोकिळेचा आवाज, रुग्णवाहिकेचा भोंगा, कुकरच्या शिट्टीआधीचा चढता सूं काढायला लावा, आवाज आपोआप वर सरकतो. मग तुम्ही त्याच्या सुरात जा. तो ज्या स्वरावर आहे तो तुम्ही गा, दोघांचा आवाज मिळाला की तो कसा लागतो हे त्याला ऐकू द्या, आणि तिथून दोघे मिळून एक पायरी वर सरका. रोज एक मिनिट, एकट्याला, मधल्या सुट्टीत. त्याला "तू नुसते ओठ हलव" असं कोणी सांगत असेल तर ते शाळेने बंद करावं. गाण्याच्या तासात याहून मोठी इजा दुसरी नाही.

आवाजाने कान झाकणाऱ्या मुलाला दाराजवळ, ढोलकीपासून लांब बसवा आणि मुठीचा खेळ त्याच्या हाती द्या. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ढोलकीच्या खोडावर तळवा ठेवू द्या, ठेका हाताला लागतो.

स्पीकरवर लावलेल्या तयार गाण्यांचा आधार शक्यतो टाळा. ती मोठ्यांच्या पट्टीत असतात, थांबत नाहीत, आणि मुलं एकमेकांचं ऐकायचं सोडून स्पीकरचं ऐकतात. स्नेहसंमेलनासाठी दहा 'चांगले आवाज' निवडले की उरलेल्या वीस जणांचं वर्षभराचं काम त्या एका दिवसात पुसलं जातं. पूर्ण वर्ग उभा करा, तीन मिनिटांचं गाणं घ्या.

शेवटची पाच मिनिटं आणि नोंदी

जोरकस खेळावर तास संपवला तर पुढच्या तासाच्या बाई तक्रार करतात आणि ती रास्त असते. शेवटी ओठ मिटून गुणगुणणं, मिनिटाला 60 च्या लयीत, दर खेपेला थोडं हळू. मग 20 सेकंद बाहेरचे आवाज ऐकायचे: कोंबडा, एसटी, पंप, पाऊस. कोणाला काय ऐकू आलं ते दोघा-तिघांनी सांगायचं आणि वह्या काढायच्या.

नोंद दर तासाला फक्त पाच मुलांची ठेवा, म्हणजे तीन आठवड्यांत वर्ग पुरा होतो. 'गायनात रुची आहे' असल्या नोंदीचा उपयोग नाही. 'वाद्य मागितल्यावर लगेच देतो', 'मुठीच्या खेळात दोनदा चुकली, हसून परत सुरू केलं', 'नाव घेतल्यावर अजून टाळी वाजवतो, आज वर बघितलं', असं डोळ्यांना दिसलेलं लिहा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत हीच वाक्यं जातील. सूर-तालाला गुण किंवा क्रमांक देऊ नका.

जुलैमध्ये वर्गाचं एक मिनिटाचं गाणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. फेब्रुवारीत तेच गाणं, त्याच पट्टीत, पुन्हा मुद्रित करा आणि दोन्ही एकामागून एक मुलांना ऐकवा. पालकांच्या ग्रुपवर टाकायचं की नाही ते नंतर, मुलांना विचारून. आधी मुलांना एकटं ऐकू द्या आणि "काय बदललं?" एवढंच विचारा. कोणीतरी म्हणतं, "आधी आम्ही ओरडत होतो."